देह ठेवणे आणि देह संपवणे



२०१८ सालच्या गुढीपाडव्याच्या आसपासची गोष्ट आहे. आमच्या दिंडीचे विणेकरी घशाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. वीस-बावीस वर्षे आम्ही एका दिंडीत चाललो. माझे कीर्तन आणि त्यांची वीणा, असा आमचा जोड. डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितले होते. भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवीत होता. सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरण्याविषयी काही निकाल दिला, ती बातमी. मुलगा चहा आणायला आत गेला आणि त्यांनी मला जवळ बोलावले. आवाज जवळजवळ गेलेला. म्हणाले, "बुवा, माउलींनी समाधी घेतली ती चालली. नाथांनी गंगेत देह ठेवला तो चालला. मग माझंच का अडतंय? हे सोसवत नाही आता. कुणी एक सुई टोचली तर पाप कुणाला?"

मी कीर्तनकार. प्रश्न कानावर पडला की उत्तर जिभेवर तयार. प्रारब्ध भोगल्याशिवाय सुटका नाही, भोग अर्धा टाकला तर पुढच्या जन्मी उरलेला घ्यावा लागतो, वगैरे पाच-दहा मिनिटे बोललो. प्रमाणेही दिली. ते ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. चाळीस वर्षे मी लोकांच्या चेहऱ्याकडे पाहून कीर्तन केले, त्यामुळे निरूपण कुठे पडले हे मला समजते. ते त्या दिवशी पडले. ज्याला थुंकी गिळता येत नाही त्याला मी प्रारब्ध सांगत होतो, आणि मुख्य म्हणजे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नव्हते. तो प्रश्न संतांच्या इतिहासाचा होता. गळा गेल्यामुळे कीर्तन बंद झाले, तेव्हापासून वाचायला वेळ आहे. ते राहिलेले उत्तर आज येथे मांडतो.

प्रथम आळंदी. शके १२१८, म्हणजे सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. माउलींचे वय एकवीस. हा प्रसंग आपल्याला कळतो तो मुख्यतः नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांतून, आणि ते अभंग नुसते चालीवर म्हणण्याऐवजी एकदा सलग, गोष्ट म्हणून वाचावेत. दिवस आधीच ठरलेला आहे. पंढरीहून संतमंडळी आलेली आहेत. नामदेवांची चार मुले समाधीची जागा झाडायला गेली आहेत. गुरू निवृत्तिनाथ स्वतः हाताला धरून आत नेतात. आणि मग त्या गुरूंचाच धीर सुटतो. ज्ञानी म्हणावेत असे सगळे तिथे ओक्साबोक्शी रडतात. नामदेवराय ते लपवीत नाहीत.

आता विणेकऱ्यांच्या प्रश्नाशी हे ताडून पाहा. माउलींना रोग नव्हता. वेदनेतून सुटका हा हेतू नव्हता. शके १२१२ मध्ये भावार्थदीपिका झाली, अमृतानुभव झाला, तीर्थयात्रा झाली, हाती घेतलेले काम पुरे झाले होते. आणि आपण वारकरी तर असे मानतो की तेथे मरणच घडले नाही, म्हणून तिला संजीवन समाधी म्हणतो. ती योग्याची क्रिया आहे. मग दुखण्याने कासावीस झालेल्या माणसाने तिचा दाखला द्यावा कसा? आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे, त्या माणसाला गप्प बसवायला तरी आपण तिचा दाखला द्यावा कसा? माउली एवढ्या शांतपणे गेले, तू का तळमळतोस, असे मी काही प्रवचनकारांना म्हणताना ऐकले आहे. दोन्ही बाजूंनी तो दाखला गैरलागू आहे. पैठणला नाथांनी शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली, तिलाही हेच लागू.

आणि सगळेच संत ठरवून गेले असेही नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. वेठीचे काम. कूस कोसळले आणि इतर मजुरांबरोबर तेही खाली गाडले गेले. नामदेवरायांनी अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. त्या मरणात दिवस ठरलेला नव्हता, आसन नव्हते, हात धरणारे गुरू नव्हते. म्हणून ते मरण उणे ठरले का? पंढरीला जाणारा प्रत्येक माणूस तिथे आधी डोके ठेवतो. चांगले मरण म्हणजे आपल्या हातात असलेले मरण, हे समीकरण आपल्या संप्रदायात बसत नाही, एवढे यावरून मला दिसते.

आता शास्त्राकडे. आमच्या पिढीने पाठशाळेत शिकताना समजूत करून घेतली होती की धर्मशास्त्र या बाबतीत पहिल्यापासून एकच बोलते, ते म्हणजे आत्मघात महापाप. तसे नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा विषय उलगडून ठेवला आहे. आत्मघातकी माणसाला निंदणारी वचने आहेतच. त्याचे अशौच पाळू नये, त्याला उदक देऊ नये असे म्हणणारीही आहेत. पण त्यांच्याबरोबर अपवादही आहे. जो फार म्हातारा झाला, ज्याला शौचाचे भान राहिले नाही, ज्याला वैद्यांनी हात टेकून सोडून दिले, त्याने अग्नीत, पाण्यात, कड्यावरून किंवा अन्न सोडून देह टाकला तर त्याला दोष नाही. त्याचे तीन दिवस अशौच धरावे, दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा कराव्यात आणि चौथ्या दिवशी श्राद्ध करावे, असे अत्रिस्मृतीतले वचन आहे. बाराव्या शतकात कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा अपरादित्य याने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली, तिच्यातही असाध्य रोगाने पिडलेल्या, कर्तव्ये संपलेल्या गृहस्थाला अशी मोकळीक देणारी वचने घेतली आहेत. ठाण्याच्या बाजूला राज्य करणारा राजा, आणि तो लिहितो आहे आज आपण वर्तमानपत्रात वाचतो तो प्रश्न! आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही वैद्याने टाकलेला रोगी घरात पाहावा लागत होता, दुसरे काय.

मग हे दार बंद कसे झाले? कलिवर्ज्य म्हणून. पूर्वीच्या युगात चालत असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची जी यादी निबंधकार देतात, तिच्यात वृद्धांनी कड्यावरून वा अग्नीत पडून देह टाकणे येते आणि महाप्रस्थानही येते. महाप्रस्थान म्हणजे पांडव हिमालयाकडे चालत गेले तसे पडेपर्यंत चालत जाणे. पुढे १७९० च्या सुमारास आपल्या पंढरपुरातच राहणाऱ्या काशीनाथ उपाध्याय, म्हणजे बाबा पाध्ये यांनी धर्मसिंधु रचला आणि तो घरोघरीच्या भिक्षुकांच्या हातात गेला. तोवर ही बंदी पक्की झालेली होती.

यादी आहे, पण बंदी का घातली याचे कारण यादीत लिहिलेले नाही. माझा तर्क सांगतो, तो तर्क म्हणूनच घ्यावा. शास्त्रकार गृहस्थ होते. म्हाताऱ्याला मोकळीक दिली की ती मोकळीक म्हाताऱ्याच्याच हातात राहील याची खात्री कोण देणार? सुनेने भाकरी आपटून वाढली, मुलाने औषधाच्या पैशाचा हिशोब म्हाताऱ्याच्या देखत मांडला, की म्हातारा आपणहून म्हणतो, मला न्या कड्यावर. याला इच्छा म्हणायचे का? मी पंढरपुरात मठांतून राहिलो आहे. एकादशीला म्हणून आणलेल्या आणि पुन्हा कोणी न्यायलाच न आलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांपैकी एकीला विचारा, तुला जगायचे आहे का? ती म्हणेल, विठोबा कधी नेतो त्याची वाट बघते. ती ते खरेच म्हणते. पण पुढच्या गुरुवारी नातू भेटायला येतो म्हणाला, तर ती गुरुवारपर्यंत जगायला तयार असते.

देहूचा एक प्रसंग याच संदर्भात पुन्हा पुन्हा काढला जातो. वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबाराय तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून होते. कोणी त्याला प्रायोपवेशन म्हणतात. मला ते पटत नाही. ते धरणे होते. सावकाराच्या दारात बसतात तसे देवाच्या दारात. धरणे धरणारा मागणे घेऊन बसतो, आणि मागणे पुरे झाले की उठतो. तुकोबा उठले.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीकडे येतो. १९८२ चा नोव्हेंबर. मी तेव्हा तिशीत होतो. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांना ५ तारखेला हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. उपचार सुरू झाले, थोडा उतारही पडला. आणि ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी, औषध तिन्ही नाकारले. डॉक्टरांनी सांगून पाहिले, पुढाऱ्यांनी विनवून पाहिले. ते मानले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी सकाळी देह शांत झाला.

विनोबा आपल्याला परके नव्हते. गीताईने गीता आपल्या माजघरात आणली. धुळ्याच्या तुरुंगातली गीताप्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. ज्ञानदेवांचे, नामदेवांचे, एकनाथांचे आणि तुकोबांचे अभंग त्यांनी निवडून, चिंतून छापले. १९५८ मध्ये सर्व धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन ते पांडुरंगाच्या पायाशी गेले. म्हणून त्या आठवड्यात कीर्तनकारांत दोन तट पडले. एक ज्येष्ठ म्हणाले, ही आत्महत्याच, नाव गोड दिले म्हणून काय झाले. दुसरे म्हणाले, पिकले पान गळते, त्याला झाडाने आत्महत्या केली म्हणतात का? सोळा वर्षांपूर्वी, १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी असेच अन्नपाणी आणि औषध सोडून २६ तारखेला देह ठेवला होता आणि त्याआधी आत्महत्या व आत्मार्पण यांतला भेद सांगणारा लेखही लिहिला होता. तोही वाद लोकांच्या लक्षात होता. मी तेव्हा पहिल्या तटात होतो. आज नाही.

फरक मला असा दिसतो. विनोबांनी कोणाला काही करायला सांगितले नाही. मला हे द्या म्हटले नाही. हे देऊ नका एवढेच म्हटले. रोगाने यायचे ते मरण आले, त्यांनी त्याच्या वाटेतला हात बाजूला घेतला. माझ्या मित्राने मागितली ती सुई. सुई टोचायला दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस उद्या सकाळी पुन्हा दुसऱ्या रोग्याच्या उशाशी उभा राहणार असतो. आपल्या भाषेने हे भेद कधीच केले आहेत. देह ठेवला, हे एक. जीव दिला, हे दुसरे. जीव घेतला, हे तिसरे. विनोबांच्या बाबतीत मराठी माणूस ‘देह ठेवला’ म्हणाला, कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे हा प्रश्न कोर्टात गेला. १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे ३०९ कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसेच म्हटले आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. या वादांत समाधीचे आणि प्रायोपवेशनाचे दाखले निघाले, जैनांच्या सल्लेखनेचेही निघाले. तो सगळा तपशील वकिलांनी पाहावा. आपल्यासाठी जी एक कथा महत्त्वाची आहे ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातली.

अरुणा शानभाग तिथे परिचारिका होत्या. मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या पुढे कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. एका खोलीत बेचाळीस वर्षे. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सुप्रीम कोर्टात अर्ज केला की त्यांना आता सोडवा. त्यांना कणव आली होती, याबद्दल मला शंका नाही. पण केईएमच्या परिचारिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिचे करतो, तिला मारू नका. त्यांतल्या कित्येकींनी तिला धडधाकट पाहिलेलेही नव्हते. त्या नंतर नोकरीला लागल्या होत्या. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने तिला न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलली. कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरांनी जाऊन पाहिले. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण झालेला नाही, ही गोष्ट निकालपत्रात नमूद आहे. ज्याने घरी पडून असलेले माणूस सांभाळले आहे त्याला विचारा हे केवढे काम आहे. तीन महिन्यांत पाठ फुटते.

७ मार्च २०११ ला निकाल आला. अरुणाताईंच्या बाबतीत अर्ज नामंजूर झाला. त्यांचे खरे जवळचे आप्त म्हणजे केईएमची ही मंडळी, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच निकालात, ज्याची शुद्ध परत येणार नाही अशा रोग्याचे उपचार थांबवायला हायकोर्टाच्या परवानगीने पहिल्यांदा वाट मिळाली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

मी या परिचारिकांना संत म्हणायला तयार आहे. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या अनेकजणी होत्या, पाळीपाळीने येत होत्या, पाठीशी मोठे रुग्णालय होते. आमच्या विणेकऱ्यांच्या घरी एक सून होती. तिला दोन लहान मुले, शेळ्या आणि शिवाय रोजाने जाणे. केईएमचे उदाहरण देऊन तिला सेवेचा उपदेश करणे मला आज जमणार नाही.

विणेकऱ्यांचा मुलगा वाचत होता तो निकाल ९ मार्च २०१८ चा. पाच न्यायाधीशांचे पीठ. त्याचा अर्थ गावागावांत चुकीचा पोहोचला आहे, म्हणून सांगतो. सुई टोचून मारायला आपल्या देशात परवानगी नाही. तो गुन्हाच आहे. नेदरलँड्स, बेल्जियम, कॅनडा या देशांत कायद्याने तसे चालते, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डॉक्टर औषध लिहून देतात आणि रोगी ते आपल्या हाताने घेतो. आपल्याकडे यांपैकी काहीही नाही. आपल्याकडे मिळाले आहे ते एवढेच की, ज्याचा रोग बरा होणार नाही त्याला नुसते यंत्रावर लांबवत ठेवू नये, आणि शुद्धीत असतानाच माणसाला तसे लिहून ठेवता यावे. आधी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, त्यामुळे कोणी त्या वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ते सोपे केले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ येईल तेव्हा डॉक्टरांची दोन मंडळे पाहून ठरवतात. आणि कागद केव्हाही मागे घेता येतो.

मी स्वतः तसा कागद केला आहे. व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको. वेदना शमवण्याचे औषध मात्र जरूर द्यावे. मुलाला आधी राग आला. मी त्याला विनोबांची गोष्ट सांगितली.

वेदनेच्या औषधाचे मी मुद्दाम लिहिले, त्याला कारण आहे. विणेकऱ्यांनी सुई मागितली तेव्हा त्यांना मरण हवे होते की वेदना थांबायला हवी होती? मी हे विचारलेच नाही. नंतर कळले की त्यांना तापाला देतात त्याच गोळ्या चालू होत्या. अशा दुखण्यावर मॉर्फिन लागते, आणि ते अफूपासून होते. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आला तेव्हा चोरट्या व्यापारावर घातलेला बांध रोग्यांवरही पडला. इतके परवाने लागू लागले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. अफू पिकवणाऱ्या देशात कॅन्सरचा रोगी ओरडत मेला. केरळात कालिकतला १९९३ पासून डॉक्टरांनी आणि गावच्या स्वयंसेवकांनी मिळून घरोघरी जाऊन अशा रोग्यांची सेवा उभी केली. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. पण कायदा दिल्लीत सुधारला म्हणून तालुक्याला औषध येतेच असे नाही. आमच्या तालुक्यात नव्हते. शहरात शिकलेल्या एका तरुण डॉक्टरने खटपट करून ते मिळवून दिले.

आणि तेव्हा घरातूनच विरोध झाला! भावकीतले एक माळकरी म्हणाले, ही नशेची गोळी, गुंगीत प्राण गेला तर मुखी नाम कसे येणार? जन्मभर वीणा धरलेल्या माणसाचा अंतकाळ तुम्ही नासवता आहात. सगळे माझ्याकडे पाहू लागले. हा प्रश्न मात्र मला येत होता. गीतेच्या आठव्या अध्यायात प्रयाणकाळाचा विषय आहे, आणि तिथे माउलींनी मनात येईल अशी शंका आपणच घेतली आहे: मरणाच्या वेळी इंद्रिये ढासळतात, जीव कासावीस होतो, तेव्हा देव आठवणार कसा? उत्तर देवाच्या तोंडी आहे. त्याचा भाव असा की, ज्याने जन्मभर माझी सेवा केली त्याने त्या घटकेला मला हाक मारली तरच मी यावे, तर त्याच्या भक्तीची किंमत ती काय राहिली? उलट त्याची सेवा मी करतो, देहाच्या विकलतेची झळ त्याला लागू नये म्हणून मीच त्याला जपतो. मी त्या गृहस्थांना म्हटले, माउली म्हणतात देव आपल्या भक्ताची वेदना आवरायला येतो, आणि तुम्ही ती राखून ठेवायला निघालात. गोळी सुरू झाली.

गोळी सुरू झाल्यावर त्यांनी मरण मागितले नाही, असे लिहायला मला आवडले असते. एकदा मागितले. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुखणे पुष्कळ कमी असताना. मी या वेळी निरूपण केले नाही. विचारले, काय होतंय? म्हणाले, रात्र सरत नाही. सगळे निजतात आणि मी एकटा.

तेव्हा मला परीक्षिती आठवला. भागवताची सप्ताहाची परंपरा ज्या राजापासून येते तो. सातव्या दिवशी मरण नक्की आहे हे त्याला समजले, आणि तो गंगेच्या काठी अन्नपाणी सोडून बसला. आपण ही गोष्ट शापाची आणि मोक्षाची म्हणून सांगतो. पण त्या सात दिवसांत काय घडले ते पाहा. तिथे केवढे ऋषी जमले होते. शाप मागे घ्यायची खटपट कोणी केली नाही. आता सात दिवस कशाला, लवकर आटपू या, असेही कोणी म्हणाले नाही. शुकाचार्य, ज्यांची ख्याती गाय दोहायला लागतो त्याहून जास्त वेळ कुणाच्या दारात न थांबण्याची, ते सात दिवस त्याच्याजवळ बसून राहिले.

संध्याकाळी मंदिरात हरिपाठ झाल्यावर मी टाळकऱ्यांना थांबवून घेतले. सप्ताहात विण्याचे पहारे लावतो तसे पहारे विणेकऱ्यांच्या घरी लावायचे ठरले. दोन दोन तासांचा एक पहारा, दिवसरात्र. वीणा पहारेकऱ्याच्या गळ्यात, नाम हळू आवाजात. पण काम तेवढेच नाही. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, गोळीची वेळ पाहायची, चादर घाण झाली तर बदलायची. सुनेने पहिल्या रात्री सलग सहा तास झोप घेतली. बायकांनी दुपारचे पहारे मागून घेतले. गोळीला विरोध केलेले ते माळकरीही आले, आणि खरे सांगायचे तर आजाऱ्याचे अंग पुसण्यात त्यांच्या हाताला जी हळुवारी होती ती माझ्या हाताला नव्हती. विणेकरी बराच वेळ ग्लानीत असत. जागे झाले की पहिल्यांदा वीणा कुणाच्या गळ्यात आहे ते पाहत, आणि एखाद्याने ती वाकडी धरली असेल तर बोटाने खुणावत.

सप्ताह सातव्या दिवशी संपायचा. आमचा नवव्या दिवशी संपला, पहाटे काकड्याच्या वेळी. पहारा माझा नव्हता. गावातला दहावीतला एक मुलगा होता. पहाटे दोन ते चारची वेळ कोणी घेत नाही म्हणून त्याने आदल्या दिवशी आपणहून नाव दिले होते, आणि पुढचा पहारेकरी उशीर करत होता म्हणून तो साडेचारपर्यंत उभा होता. वीणा जमिनीला टेकवायची नसते हे त्याला ठाऊक होते. म्हणून मला बोलवायला तो वीणा गळ्यात घेऊनच गल्लीतून चालत आला.

त्या नऊ दिवसांची पहाऱ्याची यादी माझ्या वहीत आहे. त्यानंतर गावात अशी आणखी तीन घरे झाली. दोन ते चारला माणूस मिळणे अजून कठीणच जाते.